खानावळ कुणाच्या नावावर?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौलच्या वाड्यांच्या फाटकांवर पाट्या दिसू लागतात: 'घरगुती जेवण मिळेल'. तीच पाटी पुढे काशीदला, मुरूडला, खाडीपलीकडे दिवेआगर-श्रीवर्धनला. आत गेलं की पडवीत चार टेबलं, सुरमईची तुकडी तव्यावर, तांदळाच्या भाकरीचा वास. वाढणारी बाई पहाटेपासून उभी असते. जेवण झाल्यावर पैसे देताना भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा, तर मोबाइलवर नाव येतं तिच्या नवऱ्याचं किंवा मुलाचं. या खानावळींच्या जीएसटीबद्दल किनाऱ्यावर जे समज पसरले आहेत, त्यांचं मूळ मला या क्यूआरमध्ये दिसतं. म्हणून तिथवर सावकाश जाऊ.

पहिला समज: 'आमचं घरगुती आहे, आम्हाला जीएसटी कसला?' कायद्यात 'घरगुती' नावाची सूट नाही. सूट आहे ती उलाढालीची. आर्थिक वर्षात एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही आणि कर देणंही नाही. पण मग कर घेताही येत नाही. मी स्वतः या किनाऱ्यावर एका ठिकाणी जेवलो, तिथे बिलाच्या तळाशी हाताने 'जीएसटी ५%' लिहून पैसे लावले होते. नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा तो नव्हताच. हा गैरसमज नव्हे, ही गिऱ्हाइकाची लूट आहे. कराच्या नावाने घेतलेला प्रत्येक रुपया सरकारजमा करावाच लागतो, असं कायदा स्पष्ट सांगतो.

दुसरा समज: 'मासळीवर कर नाही, मग थाळीवर कसा?' ताजी मासळी, नारळ, सुटा तांदूळ यांवर कर नाही हे खरं. पण थाळी ही कायद्याच्या लेखी वस्तू नाही, सेवा आहे. बाईने मासळी बाजारातून आणली, साफ केली, वाटण वाटलं, रांधलं आणि वाढलं. कर लागतो तो या सगळ्या कामाला. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला, तेव्हा खानावळींवर १२ आणि १८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो सरसकट ५ टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. व्यावसायिक सिलिंडरवरचा १८ टक्के कर तेव्हापासून खानावळीच्या खर्चातच बुडतो. थाळीचा दर ठरवताना हे अनेकजण विसरतात.

तिसरा समज सर्वांत घातक: 'आमचे कुठले वीस लाख होतात!' हिशोब मांडून पाहू. समजा, नागावात एक खानावळ आहे. शनिवारी ४०० रुपयांच्या ३० मासळी थाळ्या म्हणजे १२,००० रुपये. २५० च्या १० शाकाहारी थाळ्यांचे २,५००. उकडीचे मोदक ३० रुपयांना एक, असे ४०, त्याचे १,२००. एका दिवसाचे १५,७०० झाले. रविवारीही तेवढेच धरले तर ३१,४००. पावसाळा वगळून असे ३५ आठवडे मिळाले, की १०,९९,००० होतात. आठवड्याच्या इतर दिवसांचे मिळून १०,००० धरले तर आणखी साडेतीन लाख. मागे दोन खोल्या असतील, एका रात्रीचे २,००० प्रमाणे, शनिवार-रविवारच्या दोन रात्री, तर त्यांचे २,८०,०००. बेरीज १७,२९,००० वर येते. मे महिन्याची सुट्टी आणि नाताळचा आठवडा यांचे वरचे तीन लाख धरले की २०,२९,०००. मार्चमधल्या होळीच्या गर्दीत रेघ ओलांडली जाते आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही, कारण वहीच नाही. जेवण आणि खोल्या वेगळ्या धरायच्या नाहीत. एका पॅनवरचं सगळं एकत्र मोजलं जातं. रेघ खरंच ओलांडली, की लोक घाबरून म्हणतात, 'आता वीस लाखांवर लाखभर रुपये भरा.' तेही खोटं आहे. रेघ ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज केला, तर नोंदणी रेघ ओलांडल्या दिवसापासून लागू होते आणि कर त्यापुढच्या विक्रीवर लागतो. मागच्या थाळ्यांवर नाही. पुढच्या वर्षी मात्र नोंदणी असेल तर पहिल्या थाळीपासून कर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

नोंदणीनंतरचा हिशोब अवघड नाही. थाळी ४००, त्यावर २० कर, गिऱ्हाइकाकडून ४२० घ्यायचे. १० केंद्राचे, १० राज्याचे. पण फलकावर '४००, करासहित' लिहिलं असेल तर कर २० होत नाही. ४०० ला १०५ ने भागून ५ ने गुणायचं: १९ रुपये ५ पैसे. थाळीमागे ९५ पैसे कोण मोजतो, असं वाटेल. वर्षाला ५,००० थाळ्यांवर ही रक्कम पावणेपाच हजारांच्या घरात जाते. सिलिंडरच्या किमतीत मोजून पाहा.

यावर सल्ला येतो: 'कॉम्पोझिशन घ्या, एक टक्क्यात सुटाल.' कॉम्पोझिशन म्हणजे लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची योजना. त्यातला एक टक्का व्यापाऱ्यांना आणि उत्पादकांना आहे. जेवण देणाऱ्याला कॉम्पोझिशनमध्येही ५ टक्केच लागतात, आणि ते गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत, स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. शिवाय खोल्यांचं भाडं उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यांतल्या मोठ्या आकड्याच्या पुढे गेलं, तर ही योजना मिळतच नाही. विवरणपत्रांची कटकट कमी होते एवढाच फायदा, आणि साध्या नोंदणीतही लहान धंद्यांना तिमाही विवरणपत्राची सोय २०२१ पासून आहे. थाळी विकणाऱ्या बाईने कॉम्पोझिशनच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उरतो शेवटचा उपाय: 'यूपीआय काढून टाका, रोख घ्या.' जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पण उलाढाल म्हणजे विकलेलं सगळं, रोख असो वा यूपीआय. पाटी लावून कर चुकत नाही, गिऱ्हाईक चुकतं. त्यातून शिकायचं ते वेगळंच. एकाच खात्यात थाळीचे पैसे, बोटीचा वाटा, मावशीने पाठवलेली उसनवारी असं सगळं येत असेल, तर वही नसलेल्या माणसाला यातलं विक्रीचं किती हे दाखवताच येत नाही.

आता त्या क्यूआरकडे येऊ. नवऱ्याची रिक्षा, वाडीतल्या सुपारीचा व्यापार, खोल्या आणि बायकोची खानावळ हे सगळं त्याच्या एका पॅनवर मोजलं जातं. खानावळीचा स्वतंत्र आकडा कधी उमटतच नाही. म्हणून बँकेत कर्ज मागायला ती गेली की तिच्याकडे दाखवायला काही नसतं; पंधरा-वीस वर्षं चुलीसमोर काढूनही कागदावर ती गृहिणीच राहते. एक धंदा दोन नावांत तोडून कर वाचवा, असं मी म्हणत नाही. ती फसवणूक ठरेल. मी म्हणतो, जो धंदा खरोखर तिचा आहे तो तिच्या नावावर चालवा. अन्न परवाना तिच्या नावाचा, खातं तिचं, वही तिची. रोज रात्री थाळ्यांचा आकडा आणि गल्ला दोन ओळींत लिहायला पाच मिनिटं लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा हिशोब तर ती आजही लिहितेच.

सरकारचंही एक चुकतं आहे. फक्त वस्तू विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे. तीच बाई मसाला आणि पापड पाकिटात भरून विकेल तर ४० लाख, आणि तोच मसाला घालून कालवण वाढेल तर २० लाख. या फरकाला मला कोणतंही समर्थन सापडत नाही. खोल्यांच्या बाबतीत जीएसटी परिषदेने शहाणपण दाखवलं: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, आणि 'माणशी, जेवण-नाश्त्यासकट' दरात खोली किती, जेवण किती हा वाद मिटला. तसंच घरगुती खानावळींची मर्यादाही ४० लाखांवर न्यावी, ही मागणी रायगडच्या खासदार-आमदारांनी उचलून धरली पाहिजे.

आणि तुम्ही, जे मांडव्याला बोटीतून उतरून या पडव्यांत जेवायला येता, त्यांना एवढंच सांगायचं आहे. बिलावर जीएसटी लावला असेल तर २७ ने सुरू होणारा १५ अक्षरी क्रमांक पाहा. नसेल तर ते पाच टक्के देऊ नका. क्रमांक असेल तर वरच्या वीस रुपयांसाठी त्या बाईशी घासाघीस करू नका. ते वीस रुपये तिच्या हातात राहत नाहीत.