यंदाच्या सुट्टीत येडशी

दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन फुलपाखरांमागे निघणारे बहुधा सह्याद्री गाठतात. यंदा धाराशिवजवळच्या येडशीला, रामलिंग घाट अभयारण्यात जा, असा आमचा आग्रह आहे. पावसाळा सरताना हे पानझडीचे रान भरात असते. रुईभोवती नारिंगी प्लेन टायगर शोधा. त्याची अळी रुईची पाने खाते. विषारी, बेचव म्हणून पक्षी या फुलपाखराला टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचेच रूप घेते, हे केवढे नवल! म्हणून मागच्या पंखाचा फोटो हवाच. मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, नसले तर एगफ्लाय. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, आणि घोळ आपण तण म्हणून उपटून टाकतो, याचे वाईट वाटते. जाळी मात्र नेऊ नका. सकाळी पंख पसरून ऊन खाणारे फुलपाखरू पुष्कळ जवळ येऊ देते.