खुबा तपासल्याशिवाय कटिशूल लिहू नये

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आयुर्वेद व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे कंबर, नितंब आणि पाय यांच्या वेदनेचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. पुष्कळ वेळा निदान रुग्णच सोबत घेऊन येतो. 'मणक्यात गॅप आहे', 'शीर दबली आहे' असे तो सांगतो, हातात कमरेचा एखादा जुना एक्स-रे असतो, आणि केसपेपरवर कटिशूल अथवा गृध्रसी असा शब्द उमटतो. पुढचा क्रम ठरलेला असतो. योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ, कटिबस्ति, आणि रुग्णाची ऐपत व सवड असेल तर बस्तींचा क्रम. यातील एकाही कल्पाविषयी आमची तक्रार नाही. या साऱ्या क्रमात रुग्णाच्या मांडीचा खुबा कोणी हलवून पाहिलेला नसतो, ही आमची तक्रार आहे.

हे घडू नये असे शास्त्राचेच सांगणे आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगताना वंक्षणसंधीची गणना उलूखल संधीत केली आहे. उखळात मुसळाचे टोक फिरावे तशी ही रचना असून ती कटीच्या मणक्यांहून सर्वस्वी निराळी आहे. गृध्रसीचे वर्णन करताना चरकाचार्य वेदनेचा क्रम स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानु, जंघा, पाद असा देतात. वेदना मागच्या बाजूने सुरू होऊन खाली उतरते. खुब्याची वेदना बहुधा पुढून, जांघेतून सुरू होते, मांडीच्या पुढच्या भागातून उतरते आणि गुडघ्याशी थांबते. घोट्यापर्यंत ती क्वचितच जाते. एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी अर्धे निदान हाती येते. अडचण अशी की आपल्या रुग्णाच्या बोलीत 'कंबर' हा शब्द बरगडीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत कोठेही लागू होतो. म्हणून शब्दावर न जाता रुग्णाला एका बोटाने जागा दाखविण्यास सांगावे. बोट जांघेत गेले, किंवा रुग्णाने अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात खुब्याची बाजू धरून दाखविली, तर मणक्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवावा. काही रुग्णांचा खुबा बिघडलेला असतो आणि दुखणे मात्र केवळ गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना वेदनेची वार्ता पोहोचविणाऱ्या नाड्या समान आहेत. गुडघ्यावर महिनोन्महिने लेप लावूनही गुण न येणाऱ्या रुग्णाचा खुबा तपासावा, हे त्यामुळेच.

तपासणीस पाच मिनिटे पुरतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्ण दारातून आत येतानाच त्याची चाल पाहावी. दुखऱ्या पायावर भार पडताच तो घाईने दुसरा पाय टेकतो का, धड एका बाजूस झुकते का, हे टिपावे. मग त्याला दुखऱ्या पायावर उभे राहून दुसरा पाय उचलण्यास सांगावे. उचललेल्या बाजूची कटी खाली झुकली तर उभ्या पायाच्या खुब्याभोवतीचे स्नायू दुर्बल झाले आहेत असे समजावे. त्यानंतर त्याला उताणे झोपवून खुबा व गुडघा काटकोनात दुमडावा आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूस न्यावे. या हालचालीत मांडी आतल्या बाजूस फिरते. खुब्याच्या बहुतेक विकारांत सर्वप्रथम हीच गती कमी होते आणि रुग्ण जांघेत दुखल्याचे सांगतो. दुसऱ्या बाजूशी तुलना करावी, मात्र दोन्ही खुबे एकाच वेळी बिघडलेले असू शकतात हे विसरू नये. कमरेचा विकार असलेल्या रुग्णात ही गती सहसा मोकळी राहते आणि पाय सरळ ठेवून उचलताना शूल पायभर उतरतो. शेवटी पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून गुडघा बाहेर पडू द्यावा. ही आपली मांडीच होय. यात वेदना जांघेत आली तर खुब्याचा संशय घ्यावा, मागे आली तर त्रिकाचा.

या ठिकाणी एक लहानशी सूचना कराविशी वाटते. मांडीच्या या स्थितीत गुडघा शय्येपासून किती वर राहतो ते रुग्णाच्याच अंगुलांनी मोजून केसपेपरवर लिहावे. अंगुलप्रमाण आपल्या शास्त्राचेच आहे, आणि त्यासाठी कोनमापकाची गरज नाही. योगबस्तीचे आठ, कालबस्तीचे सोळा किंवा कर्मबस्तीचे तीस बस्ति झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी. आज 'आराम आहे' एवढ्या शब्दावर दुसरा क्रम सुरू होतो. स्नेहन-स्वेदनाने वेदना शमते आणि त्याच काळात सांध्याची गती घटत जाते, असे खुब्यात घडू शकते. मोजणी नसेल तर ही घट कोणाच्याच ध्यानात येत नाही.

या आग्रहामागे विशेष कारण आहे. खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा मोजक्या वाहिन्यांवर अवलंबून असतो. तो तुटला की अस्थी आतून मरते आणि काही काळाने चेंडू दबून चपटा होतो. आधुनिक वैद्यकात यास एव्हीएन म्हणतात. आपल्याकडे बहुतेक वैद्य त्याचा विचार अस्थिमज्जागत वाताच्या अंगाने करतात व तो योग्य आहे. अपघात, अतिमद्यपान, सिकलसेल आणि स्टिरॉइड ही त्याची प्रमुख कारणे होत. किनवट-माहूर भागातील आदिवासी तरुण खुबा दुखतो म्हणून आला तर सिकलसेलची चाचणी अवश्य करवून घ्यावी. शासनाचे त्यासंबंधीचे राष्ट्रीय अभियान २०२३ पासून चालू आहे. स्टिरॉइडचे म्हणाल तर, कोविडच्या साथीनंतर जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यविशारदांनी चाळिशीच्या आतील तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांना मिळालेल्या प्रेडनिसोलोनची सरासरी मात्रा ७५८ मिलिग्रॅम होती, म्हणजे पूर्वी घातक मानल्या गेलेल्या सुमारे २००० मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी. लक्षणेही कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच दिसू लागली. तीन रुग्णांवरून सिद्धान्त होत नाही हे खरे. परंतु 'थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडने काय होते' हा प्रश्न सहज विचारण्याचे दिवस संपले, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता आमच्या औषधविक्रेत्या बंधूंशी थोडे बोलले पाहिजे. सांधेदुखीची, दम्याची आणि 'ताकदीची' म्हणून विकली जाणारी बिननावाची पुडी आठवडी बाजारापासून काही दुकानांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचलेली आहे. वर्षानुवर्षे न हटलेले दुखणे तीन दिवसांत हटविणाऱ्या चूर्णात कोणती वनस्पती असेल, हे निघंटू जाणणाऱ्यास विचारावे. आयुर्वेदीय चूर्णांत डेक्सामेथासोनसारखी द्रव्ये मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीस आले आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये भेसळयुक्त व बनावट आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. निर्मितीसाठी परवाना लागतो, आणि वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असावे लागतात. किरकोळ विक्रीस मात्र ॲलोपॅथीच्या औषधांप्रमाणे वेगळ्या परवान्याची सक्ती नाही. या मोकळिकीचा अर्थ जबाबदारीतून सुटका असा काहींनी लावला आहे. ज्या नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळा आहे, तेथे आयुर्वेदाच्या नावावर स्टिरॉइड विकले जावे आणि त्याचा दोष शेवटी गुग्गुळाच्या माथी यावा, ही गोष्ट आम्हांस अत्यंत लाजिरवाणी वाटते. ज्या मालावर बॅच क्रमांक नाही तो कपाटात ठेवू नये, एवढा नियम प्रत्येक दुकानदाराने स्वतःसाठी केला तरी पुष्कळ होईल.

वैद्यांनी तर प्रत्येक खुबेदुखीच्या रुग्णास पुडीविषयी स्पष्ट विचारावे. चेहरा गरगरीत झाला आहे, वजन वाढले आहे, भूक भलतीच लागते, त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडतात, अशी लक्षणे दिसली तर उत्तराची वाट पाहण्याचेही कारण नाही. परंतु संतापाच्या भरात 'आजपासून पुडी बंद' असे सांगू नये. अनेक महिने स्टिरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, आणि ते एकाएकी थांबविल्यास रक्तदाब घसरून रुग्ण दगावू शकतो. अशा रुग्णास पुडीसह फिजिशियनकडे पाठवून क्रमाक्रमाने मात्रा कमी करवून घ्यावी.

मग आपण उपचार कशावर करावेत? खुब्याच्या संधिगत वातावर, भोवतालच्या स्नायू-कंडरांच्या शूलावर, आणि चेंडू दबण्यापूर्वीच्या अवस्थेतील एव्हीएनवर, अस्थिरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन, आपण अवश्य काम करावे. अस्थ्याश्रित व्याधींसाठी चरकाचार्यांनी तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृतांचे बस्ति सांगितले आहेत. पंचतिक्तक्षीरबस्ति हा आपला मुख्य आधार होय. त्यास लाक्षादि गुग्गुळाची जोड देता येते. तथापि बस्ति चालू असताना रुग्ण रोज खुरपणीस उकिडवा बसत असेल, डोक्यावर ओझे वाहत असेल, तर औषधाने जमविलेले त्या श्रमात निघून जाईल. चालताना एका पायावर भार पडतो त्या क्षणी खुब्यावर शरीरभाराच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. म्हणून दहा किलो वजन उतरले की सांध्यावरचा भार पंचवीस-तीस किलोंनी हलका होतो, हे स्थूल रुग्णास आकड्यांत सांगावे. लगेच पटते.

काठीविषयी मात्र जवळजवळ सर्वत्र गैरसमज आहे. उजवा खुबा दुखतो म्हणून रुग्ण काठी उजव्या हातात धरतो, घरचेही तसेच सांगतात. काठी विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या हातात हवी. दुखऱ्या पायासोबत ती पुढे टेकली म्हणजे त्या बाजूच्या स्नायूंना कटी तोलून धरण्यासाठी लावावा लागणारा जोर कमी होतो आणि सांध्यावरचा दाबही उतरतो. वीस हजारांच्या पंचकर्म पॅकेजबरोबर दोनशे रुपयांची काठी योग्य हातात देणारे चिकित्सालय आम्हांस अधिक आवडेल.

अलीकडे 'मणके बसवून देण्याची' शिबिरे तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहेत आणि मोबाईलवरील चित्रफितींनी त्यांची हौस वाढविली आहे. अमेरिकेत डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या कायरोप्रॅक्टिकचे हे नक्कल रूप होय. त्या पद्धतीच्या मूळ सिद्धान्ताशी आमचे मतभेद आहेत. परंतु तिच्या शिक्षित व्यावसायिकाकडून झटका देण्यापूर्वी रुग्णाचा पूर्ववृत्तांत, सांध्याची गती, धोक्याची लक्षणे आणि गरजेनुसार प्रतिमा तपासणे अपेक्षित असते. आपल्याकडे त्यातला फक्त 'कट्' असा आवाज तेवढा आला. एव्हीएनने पोकळ झालेल्या, क्षयाने कुरतडलेल्या किंवा भेगाळलेल्या खुब्यास असा झटका दिला तर काय होईल हे सांगावयास नको. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत खुब्याच्या संधिवातासाठी व्यायाम व वजननियंत्रण यांना मुख्य स्थान दिले असून हस्तचिकित्सा व्यायामाच्या सोबतीनेच विचारात घ्यावी असे म्हटले आहे. आपल्या परंपरेतील हाडवैद्यांनीही हे पाहावे. सुश्रुताचार्यांनी कटीच्या कपालास्थीचा भंग आणि तेथील सुटलेला सांधा चिकित्सकाने वर्ज्य करावा असे भग्ननिदानात स्पष्ट सांगितले आहे. कपाटशयनासारखी योजना ज्यांनी दिली त्यांनीच हेही लिहून ठेवले.

रुग्ण कधी पाठवावा, याबाबत आमचे मत कठोर आहे. पडल्यानंतर उभे राहता न येणारी, पाय आखूड होऊन बाहेर वळलेली वृद्धा त्याच दिवशी अस्थिरोग विभागात पोहोचली पाहिजे. तिला तेल लावण्यात वेळ घालवू नये. पडल्यावर जांघ दुखते पण चालता येते, असे म्हणणाऱ्या वृद्धाचाही एक्स-रे काढावा, कारण एकमेकांत रुतलेला अस्थिभंग काही दिवस भार सोसतो. ज्वर असून पाय हलवू न देणारे बालक तासांच्या हिशेबाने पाठवावे. लंगडणाऱ्या प्रत्येक मुलाचे दोन्ही खुबे पाहावेत, तक्रार गुडघ्याची असली तरी. रात्री वाढणारी वेदना, वजन घटणे, बारीक ताप अशी लक्षणे असतील तर क्षयाचा विचार करावा. मांडी आत फिरविताना गती कमी आढळली की पहिल्याच भेटीत दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा एक्स-रे मागवावा. कमरेच्या एक्स-रेवर काम भागवू नये. आरंभीच्या एव्हीएनमध्ये एक्स-रे निर्दोष दिसतो. म्हणून स्टिरॉइड, मद्य वा सिकलसेल यांचा वृत्तांत असलेल्या रुग्णाची वेदना कायम असेल तर एमआरआयसाठी आग्रह धरावा.

विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आपल्या आवाक्यात आहेत. रुग्ण तेथे पाठविताना हातात चार ओळींची चिठ्ठी असावी. वेदना कोठे, किती दिवसांची, कोणती गती किती कमी, मांडीत गुडघा किती अंगुले वर राहतो, पूर्वी कोणती औषधे व पुड्या घेतल्या, आपण कोणते बस्ति दिले, हे सारे त्यात यावे. पुडी मिळाली असेल तर तीही वेष्टनासह सोबत द्यावी.