आपली आवड, त्यांची निवड

शिवडीला राहतो म्हटलं की दादरचा माणूस ठरलेले दोन प्रश्न विचारतो. पहिला, "म्हणजे ते टी. बी. हॉस्पिटल तुमच्याकडेच ना?" आणि हिवाळा असेल तर दुसरा, "फ्लेमिंगो आले का हो यंदा?" १२ जानेवारी २०२४ ला आमच्या दारातून अटल सेतू सुरू झाल्यापासून त्यात तिसऱ्याची भर पडली आहे : "मग काय, आता वीस मिनिटांत पलीकडे?" नाही हो! त्या पुलावर स्कूटरला मज्जाव, रिक्षाला मज्जाव, आणि पायी जाणाऱ्याचा तर विचारच नको. मोटार माझ्याकडे नाही. तेव्हा मी आपला अलीकडेच असतो. घरी बसतो आणि रेडिओ ऐकतो. रेडिओवर काय लागतं, हे मात्र मला कोणी विचारीत नाही. म्हणून न विचारता सांगतो : कालचंच लागतं.

रेडिओ म्हणजे आता मोबाइल. आमच्या कन्येने त्यात इंटरनेटवरचं एक मराठी गाण्यांचं केंद्र लावून दिलं. "बाबा, चोवीस तास मराठी गाणी! अमेरिकेतले लोकसुद्धा हेच ऐकतात," म्हणाली. केंद्राचं नाव सांगत नाही. उगाच त्यांचे श्रोते वाढायचे. पहिला आठवडा मी हरखून गेलो. दुसऱ्या आठवड्यात दाढी करताना जे गाणं लागलं, ते मागच्या आठवड्यातही दाढी करतानाच लागलं होतं, असा संशय आला. तिसऱ्या आठवड्यात मी वही घातली. मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस. वही घातली की सत्य बाहेर पडतं. सात दिवसांत चांदण्याचं एक गाणं अकरा वेळा, पावसाचं एक नऊ वेळा, आईचं एक आठ वेळा आणि विठ्ठलाची दोन मिळून सतरा वेळा. प्रत्यक्ष विठ्ठलसुद्धा म्हणाला असेल, "अरे, जरा दुसऱ्या देवांनाही बोलवा!"

गाणी वाईट आहेत का? मुळीच नाही. पुरणपोळीही वाईट नसते. पण सकाळी पुरणपोळी, दुपारी पुरणपोळी, रात्री पुरणपोळी असं चालू झालं, तर चौथ्या दिवशी माणूस पिठलं कुठे मिळतं ते विचारीत रस्त्यावर येईल.

हे सगळं मी मुकाट्याने सोसलंही असतं. पण मध्ये आमची आत्या आली. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. आमच्याच चाळीत, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला तिची खोली. हिचं आयुष्य घड्याळावर कधी चाललंच नाही. ते मुंबई 'ब' केंद्रावर चाललं. 'वनिता मंडळ' लागलं की धुणं संपलं पाहिजे, 'कामगार सभा' लागली की आतोबा पाळीवरून यायची वेळ झाली, 'प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी बोलू लागले की हातातलं काम ठेवायचं. त्या काळी गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी गाण्याचा एक शब्द चुकत नसे, कारण प्रत्येक खोलीत तेच केंद्र लागलेलं. ज्याच्याकडे रेडिओ नसे त्यालाही रेडिओ होता, फक्त लायसन्स शेजाऱ्याच्या नावावर असे.

आणि मग 'आपली आवड'. या कार्यक्रमाला आत्या कार्डं पाठवीत असे. कार्डावर गाणं एक आणि नावं चौदा. घरातली, शेजारची, गावची, एकदा तर पाळण्यातल्या पोराचंही. मास्तर, म्हणजे आमचे खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, तेव्हा हसायचे. "गाणं तीन मिनिटांचं आणि नावं पाच मिनिटांची!" पण मला आता वाटतं, कार्यक्रम खरा नावांचाच होता. आमच्या चाळीतल्या माणसांची नावं रेशनकार्डावर असत, मिलच्या मस्टरवर असत. मोठ्याने, स्वच्छ, आदराने उच्चारली जात ती फक्त तिथे. झुमरी तिलैया नावाचं एक अभ्रकाच्या खाणींचं गाव, तेव्हाच्या बिहारमधलं, आता झारखंडमधलं. ते सगळ्या देशाला ठाऊक झालं ते अभ्रकामुळे नव्हे. तिथली मंडळी फर्माईशीची कार्डं ढिगांनी पाठवीत म्हणून!

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. आतोबा मिलमध्ये. पगार बंद. त्या दिवसांत आत्याने एक कार्ड पाठवलं. पंधरा पैशांचं कार्ड, पण तेव्हा पंधरा पैसेही मोजून खर्च व्हायचे, आतोबा म्हणाले होते, "कार्डाने मिल सुरू होणार आहे काय?" मिल सुरू झाली नाही, ते सर्वांना माहीतच आहे. पण कित्येक आठवड्यांनी एका संध्याकाळी नाव आलं, दोघांचं जोडीने, आणि गाणं लागलं. सगळी गॅलरी सांगायला धावली, "अहो, तुमचं नाव आलं!" जणू काही त्यांनी ऐकलंच नव्हतं. आतोबा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी चहा घ्यायला बाहेर नाक्यावर गेले. आता आतोबा नाहीत, तो ट्रान्झिस्टरही नाही, पण ते गाणं आत्याला पुन्हा एकदा ऐकायचं आहे.

कुठलं गाणं? ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "हे कुठलं बुवा?" आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

तेव्हा मी त्या केंद्राचं 'फर्माईश' असं लिहिलेलं बटण दाबलं. एक यादी उघडली. यादीत कोणती गाणी? चांदण्याचं, पावसाचं, आईचं आणि विठ्ठलाची दोन! म्हणजे हॉटेलात वेटरने विचारावं, "काय आणू साहेब?" आणि आपण काही बोलायच्या आत बटाटावड्याची बशी पुढे ठेवून म्हणावं, "यातलं काहीही सांगा!"

शेवटी दूरध्वनी केला. पलीकडे अत्यंत सुस्वभावी मुलगा होता. प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर' म्हणायचा.

"सर, त्या गाण्याला मागणी नाही, सर."

"अरे, मी मागतोय ना?"

"एकाची मागणी म्हणजे मागणी नाही ना, सर. लोकांना जे आवडतं तेच आम्ही लावतो."

"लोकांना काय आवडतं, हे तुला कसं कळतं?"

"जे आम्ही लावतो ते लोक ऐकतात ना, सर!"

आता बघा! घाण्याचा बैल याहून सरळ चालतो. लोक तेच मागतात जे त्यांनी ऐकलेलं असतं. ऐकलेलं तेच असतं जे हे लावतात. आणि हे तेच लावतात जे लोक मागतात. या वर्तुळात नवं गाणं शिरणार कुठून आणि विसरलेलं परत येणार कुठून? न ऐकलेल्या गाण्याची फर्माईश जगात कोणी केलेली नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीने 'गीतरामायण' सुरू केलं. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला नवं गाणं, अशी वर्षभरात छप्पन गाणी. लोक म्हणे रेडिओला हार घालीत. त्याची फर्माईश कोणी केली होती? एकानेही नाही! 'मागणी नाही' म्हणून पुणे केंद्र गप्प बसलं असतं, तर आज ज्या गाण्यांना मागणीच मागणी आहे, ती जन्मालाच आली नसती.

मास्तरांना मी हे ऐकवलं, तर ते उलट तोफ डागून मोकळे. "म्हणजे तुम्हांला केसकर पाहिजेत!" केसकर म्हणजे बा. वि. केसकर, १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री, आपले पुण्याचेच. त्यांना सिनेमाची गाणी हीन वाटत. १९५२ साली आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली, आणि लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकून सुसंस्कृत व्हावं, असं ठरलं. लोक सुसंस्कृत झाले नाहीत. त्यांनी काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच साली तिकडे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईतल्या चाळीत येई. सरकारला आपली चूक कळून 'विविध भारती' निघायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला.

तर मास्तर, मला केसकर नकोत. लोकांना आवडतं ते लावूच नका, असं मी म्हणत नाही. पण केसकरांना वाटे, लोकांना काय आवडावं हे आपल्याला कळतं; आणि या केंद्रवाल्यांना वाटतं, लोकांना काय आवडतं हे आपल्याला कळतं. दोघांतही लोकांना विचारायचं राहूनच गेलं!

मास्तरांचं दुसरं अस्त्र : "पूर्वी काय वेगळं होतं? तेव्हाही तीच तीच गाणी लागत." खरं आहे. मी स्वतः एकाच गाण्यासाठी सहा कार्डं टाकली होती, सहा वेगवेगळ्या अक्षरांत. पण गीतमालेत एक शहाणी रीत होती. ठराविक आठवडे यादीत टिकलेलं गाणं 'सरताज' ठरवून मानाने यादीतून निवृत्त करीत. कारकुनाला निवृत्ती आहे, न्यायमूर्तींना आहे. फक्त मराठी भावगीताने मरेपर्यंत कामावर यायचं, तेही दिवसातून दोन पाळ्यांत!

मिल म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला आणखी एक शब्द आठवतो : बदली. कायमच्या कामगाराचा खाडा पडला, तर त्याच्या जागी बदलीवाल्याला घेत. म्हणून तो बिचारा रोज सकाळी डबा घेऊन गेटावर उभा राही. काम येत नव्हतं असं नाही. कित्येकदा कायमवाल्याहून चांगला हात असायचा. पण आत कोणी खाडाच केला नाही, तर डबा तसाच घरी. आपली शेकडो गाणी अशी बदलीवाली आहेत. चांगल्या कवीची, चांगल्या गळ्याची, वर्षानुवर्षं गेटावर उभी आहेत, आणि आतल्या पाच गाण्यांचा कधी खाडाच पडत नाही! एक दिवस मिलच राहत नाही. गाण्याचं तेच होतं. ते ओळखणारी शेवटची आत्या गेली की मग ते लागलं काय आणि न लागलं काय.

कन्येने हा वाद एका मिनिटात मिटवला, असं तिला वाटलं. "अहो बाबा, एवढा त्रागा कशाला? यूट्यूबवर शोधा ना!" तिने शोधलंही. सापडलंही. थोडं खरखरत होतं, पण तेच. आम्ही मोबाइल घेऊन आत्याकडे गेलो आणि लावलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे रे. पण हे तू लावलंस."

"मग कोणी लावायला हवं होतं?"

"त्यांनी."

यावर कन्या हसली. मी हसलो नाही. स्वतःच्या हाताने वाढून घेतलेलं जेवण आणि कोणी 'बसा' म्हणून पान मांडून वाढलेलं जेवण, यात जिन्नस तेच असतात हो; पण पंगतीला बसल्याशिवाय आग्रह होत नाही. आत्याला गाणं नको होतं. कोणीतरी तिचं कार्ड वाचलं, हे तिला ऐकायचं होतं, आणि गॅलरीने ते ऐकायला हवं होतं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी माफक आहेत. गेली चाळीस वर्षं राबणाऱ्या गाण्यांना आठवड्यातून एक सुटी द्या. दर चौथं गाणं बदलीवालं घ्या. आणि दिवसातून एक तास यादी बंद करून, यादीबाहेरची फर्माईश नावासकट वाचा. आठ दिवसांत लोक पळाले, तर पुन्हा विठ्ठलाची दोन्ही लावा, मी टाळ घेऊन येतो.

त्या सुस्वभावी मुलाला मी हे कळवलं. तो म्हणाला, "सर, मागणी वाढली तर नक्की विचार करू, सर." हरकत नाही. एकाची मागणी म्हणजे मागणी नव्हे ना? मग झुमरी तिलैयाचा मार्ग आम्हांलाही ठाऊक आहे. कालपासून मी वही घेऊन गॅलरीत फिरतोय. आतापर्यंत तेवीस नावं झाली. मास्तरांनीही सही दिली, तीही दोनदा, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. हिने विचारलं, "त्यातल्या किती जणांना ते गाणं ठाऊक आहे?" फक्त आत्याला. पण नावं तेवीस आहेत.

तुमचं चोविसावं घालू का?