जादूगारापुढे अय्यार

चार मित्र टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि फासे निकाल देतात. अमेरिकेत १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने रुजवलेल्या या खेळाबद्दल एक तक्रार जुनी आहे. सुरुवातीला जादूगार दुबळा असतो. मोजके मंत्र संपले की त्याला काही सुचत नाही. पण खेळ रंगत जातो तसा तो उडू लागतो, अदृश्य होतो, शत्रूंना जागच्या जागी खिळवतो. योद्धा मात्र तलवारच फिरवत राहतो. मग योद्धा झालेल्या मुलाला नुसते बघत बसावे लागते.

असाच पेच लखनौच्या दास्तानगोंनी, म्हणजे दास्तान रंगवून सांगणाऱ्या कथेकऱ्यांनी, फार पूर्वी सोडवला होता. तेथील नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हे उर्दू महाकथानक खंडाखंडाने छापले. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. त्यात जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब एका बाजूला, तर अमीर हमजाचे वीर दुसऱ्या बाजूला. या वीरांना जादू निषिद्ध! समोरासमोरच्या लढाईत ते जादूपुढे हतबल होतात.

तेव्हा पुढे येतात अय्यार. ‘चंद्रकांता’ मालिका पाहिलेल्यांना हा शब्द नवा नाही. वेषांतर, दोराचा फास, बेशुद्धीचे औषध आणि हजरजबाबीपणा ही त्यांची शस्त्रे. त्यांचा म्होरक्या अमर अय्यार याच्याजवळ काही दैवी देणग्याही आहेत. पण त्याची खरी मदार अकलेवर. कधी गायक, कधी दासी बनून अय्यार थेट जादूगाराच्या मैफलीत शिरतात. तेथे औषध मिसळलेल्या मद्याचा पेला पुढे करणारा हात मंत्राहून भारी ठरतो.

दास्तानगोंनी जादूगाराचे बळ कमी केले नाही. त्याला गर्व, मोह आणि गाफीलपणा दिला आणि मंत्र न जाणणाऱ्याला आत शिरायची वाट ठेवली.

खेळ चालवणाऱ्यानेही प्रत्येक संकट मांडताना एवढे पाहावे, की येथे मंत्राशिवाय काय करता येईल? पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवणे, शत्रूच्या गोटातला माणूस फोडणे, कैद्याचा विश्वास मिळवणे, अशी कामे योद्ध्याकडे आली, की तलवारीइतकीच त्याची अक्कलही खेळात उतरते. मग फासे टाकायची पाळी येईपर्यंत त्याला जांभया द्याव्या लागत नाहीत.