घरातल्या उड्डाणालाही दप्तर हवे

गोंदियाजवळ बिरसी येथे ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीच्या आश्रयाने आज वैमानिक घडविणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था चालते. मार्च २०२२ मध्ये तेथून प्रवासी वाहतुकीला आरंभ झाला, आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोची विमाने हैदराबादहून तेथे उतरू लागली. परंतु नागझिरा अभयारण्याच्या वेशीवरील चोरखमाऱ्यासारख्या गावातल्या जिज्ञासू मुलाला वैमानिक-शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नसतो, आणि म्हणून संगणकावरचा सिम्युलेटर हीच त्याची पहिली पाठशाळा ठरते. या पाठशाळेत खऱ्या विमानांचे फ्लाइट प्लॅन वापरावेत काय, या प्रश्नावर कोणी म्हणतात की खेळाला कायद्याचे जू कशाला. कोणी खरा प्लॅन अक्षरशः उतरवून घेतात आणि विमान त्याप्रमाणे आपोआप चालू लागले की कृतार्थ होतात. माझ्या मते प्लॅन अवश्य वापरावा, पण आपला आपण आखून झाल्यानंतर, पडताळ्यासाठी.

हा कागद दिसतो रुक्ष, पण त्याच्या एकेका रकान्यात बराच कारभार दडलेला असतो. हैदराबादहून बिरसीला येणाऱ्या एटीआर विमानाचे उदाहरण घेऊ. विमानतळांच्या खुणेत हैदराबाद ‘व्हीओएचएस’ आणि गोंदिया ‘व्हीएजीडी’ असे लिहिले जाते. त्यातील दुसऱ्या अक्षरावरूनच कळते की पहिले स्थळ चेन्नईच्या हवाई हद्दीत आहे व दुसरे मुंबईच्या, म्हणजे पाचशेएक किलोमीटरच्या या प्रवासात विमान एका अंमलातून दुसऱ्या अंमलात जाते. निघण्याची वेळ सकाळी साडेदहाची असली तरी कागदावर ‘०५००’ असे येते, कारण आकाशाचे घड्याळ साऱ्या जगात एकच. पुढे ‘एन०२७०एफ१७०’ असे लिहिलेले आढळले तर त्याचा अर्थ वेग २७० नॉट आणि उंची १७ हजार फूट. आणि ही उंची १६ किंवा १८ हजार का नाही, याचे कारण असे की पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्याने विषम व पश्चिमेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्याने सम उंची घ्यावी, असा सामान्य नियम आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा जीव या साध्या गणितावर सुरक्षित राहतो.

आमच्या मुलखातील मालगुजारी तलावांचे पाणी कोणाच्या बांधीला आधी व कोणाच्या मागून मिळावे, याची वहिवाट जुन्या अंमलात वाजिब-उल-अर्ज या गावच्या दप्तरात नोंदलेली असे, आणि त्या नोंदीमुळे पाण्यावरून होणारे कित्येक तंटे दप्तरातच मिटत. उड्डाणाचा आराखडा हेही सामाईक आकाशाच्या वाटणीचे तसेच दप्तर होय. तो निघण्यापूर्वी किमान एक तास आधी दाखल करावयाचा असतो, तो का, हे यावरून ध्यानात येते. या शिस्तीचा दाखला विदर्भाच्या इतिहासातही आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपाल व प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. एका विमानास विलंब झाला तर उरलेल्या तिन्ही विमानांचाही खोळंबा ठरलेला. हा चौरंगी मेळ एखाद्या हौशी मुलाने डकोटा विमान घेऊन संगणकावर मांडून पाहिला, तर वेळापत्रक म्हणजे काय ते त्याला कोणत्याही व्याख्यानाहून अधिक कळेल.

म्हणून माझी सूचना अशी की, मुलाने प्रथम नकाशावर स्वतःची रेषा ओढावी, स्वतः इंधनाचा हिशेब करावा, आणि मग खरा आराखडा शेजारी ठेवावा. त्याची रेषा सरळ असेल, खरी रेषा ठरीव हवाई मार्गांवरील बिंदू गाठीत वाकलेली असेल. त्याने पोहोचण्यापुरते इंधन धरले असेल. खऱ्या हिशेबात त्यावर साधारण पाच टक्के आकस्मिक गरजेसाठी, पावसाळी ढगांमुळे बिरसीला उतरता न आल्यास नागपूर गाठण्यासाठी, आणि एवढे सारे झाल्यावरही आणखी अर्धा तास घिरट्या घालता याव्यात म्हणून राखून ठेवलेले असते. प्रत्येक तफावतीपाशी थांबून ‘असे का?’ हे विचारले की भूगोल, हवामान, गणित आणि कायदा हे चार विषय एकाच कागदावर शिकून होतात. नुसती नक्कल करणाऱ्याच्या पदरी उत्तर पडते, पण त्यामागचा प्रश्न मात्र त्याच्या हाती कधीच लागत नाही.

यास मर्यादाही आहेत, आणि त्या स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, आणि घरच्या संगणकावर घालविलेला एकही तास त्यात जमा होत नाही. हवाई मार्गांची माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने सुधारली जाते, तेव्हा सिम्युलेटरमधील जुना नकाशा प्रत्यक्ष उड्डाणास प्रमाण मानणे हा निव्वळ अविचार ठरेल.

तथापि खर्चाची सबब येथे फारशी टिकत नाही. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो, सिमब्रीफसारख्या सेवेवर आराखडा फुकट तयार होतो, आणि विमानतळ प्राधिकरणाची वैमानिकी माहिती महाजालावर सर्वांस खुली आहे. उणीव आहे ती ही माहिती मराठीत उलगडून सांगणाऱ्याची. तिरोड्याच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाने एक संगणक, भिंतीवर एक हवाई नकाशा आणि आठवड्यातून दोन तास एवढी तजवीज केली, आणि बिरसीच्या प्रशिक्षकांपैकी कोणी महिन्यातून एकदा येऊन मुलांनी आखलेले आराखडे तपासून देण्याचे मनावर घेतले, तर जिल्ह्यातील विमानतळाचा लाभ तिकीट काढू न शकणाऱ्या घरांनाही पोहोचेल.