शिकारीचा थरार आणि ‘डोपामिन’ची पळवाट

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या नावात ब्रह्मदेवाच्या दहा अश्वमेधांची कथा आहे. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरे, मागे सशस्त्र रक्षक चालत, आणि जो कोणी त्याला अडवी त्याच्याशी युद्ध होई. सारा ताण त्या घोड्यात नव्हता. तो कधी, कोठे आणि कोण अडवील या अनिश्चिततेत होता. पेशवाईत पक्क्या बांधलेल्या या घाटाच्या पायऱ्यांवर आज आरतीची गर्दी जमण्यापूर्वी मोबाइलमध्ये मान घालून ‘बीजीएमआय’ खेळणारी तरुण मंडळी दिसतात. त्यांच्या छातीत धडधडणारी गोष्ट तीच आहे. ती समजून घेण्याऐवजी आपल्या विज्ञानवार्ता एक शब्द फेकून मोकळ्या होतात : डोपामिन.

या शब्दाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मॅथियस कोप आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. आठ पुरुषांनी पडद्यावरील रणगाडा चालवला, शत्रूचे रणगाडे उडवत झेंडे गोळा केले, आणि त्यांच्या मेंदूत डोपामिन स्रवल्याचे आढळले. प्रयोग उत्तम होता. मात्र त्यांना प्रत्येक पातळी पार केल्याबद्दल सात पौंड मिळत होते, आणि समोर दुसरा माणूस नव्हताच. त्यावरून ‘माणसाची शिकार करण्याची आदिम चटक’ सिद्ध करणारे वार्ताहर रणगाड्यापेक्षा जास्त वेगाने धावतात असे म्हणावे लागते. डोपामिन परीक्षेचा अनपेक्षित निकाल लागल्यावरही स्रवते. त्याने कशाचेच वेगळेपण कळत नाही.

खरा धागा दुसरीकडे सापडतो. २००७ मध्ये डीन मॉब्स यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले की, पडद्यावरच्या चक्रव्यूहात आभासी भक्षक दूर असताना मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग अधिक सक्रिय असतो; तो जवळ येताच सूत्रे मध्यमेंदूतील एका प्राचीन केंद्राकडे जातात. बॅटल रॉयल प्रकारच्या खेळात शंभर जण उतरतात, वर्तुळ आक्रसत जाते, आणि प्रत्येक शिकारी त्याच क्षणी कोणाचे तरी भक्ष्य असतो. झाडीआड दबा धरणाऱ्याला मारण्यापेक्षा ओळखले जाण्याची धास्ती मोठी असते. शिकारीच्या उपमेने हा अर्धा भाग गिळून टाकला आहे.

आणि तो गिळल्यामुळेच अनर्थ होतात. मार्च २०१९ मध्ये राजकोटमध्ये पबजीवर पोलिसी मनाई झाली आणि तो खेळल्याबद्दल काही तरुणांना, त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही, अटक झाली. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, हे खरे. पण हातकड्या घालण्यापूर्वी असा पुरावा वाचण्याची तसदी कोणी घेतली काय?

म्हणून खेळांचे निर्माते निर्दोष ठरत नाहीत. २०२० मध्ये पबजीच्या निर्मात्यांनी साध्या सामन्यांत संगणकी खेळाडू, म्हणजे बॉट, उतरवण्याचे जाहीर केले, कारण नवख्यांना एकही बळी न मिळता मरावे लागत होते. मग ज्याला ‘मी माणसाला चकवले’ असा अभिमान वाटतो, त्याच्यासमोर माणूस होता का? पुण्याच्या सुपरगेमिंगने घडवलेल्या ‘इंडस’मध्ये ‘ग्रज’ नावाची सोय आहे : ज्याने तुम्हाला मारले त्याला हेरून पुढच्या सामन्यात सूड घ्यायचा. येथे थराराचा कच्चा माल नेमका ओळखला गेला आहे, तो म्हणजे विशिष्ट माणसाशी असलेला हिशेब. विज्ञानवार्तांना जे उमगले नाही ते पुण्यातल्या आरेखकांना उमगले, हे कौतुकाचे आणि काळजीचेही.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोख पैशाच्या डावांवर आहे. शंभरांपैकी माणसे किती आणि बॉट किती, हे सामना संपताच खेळाडूला सांगणे कंपन्यांवर बंधनकारक करायला कोणता मोठा खर्च येतो? ती आकडेवारी हाती आली, तर बॉट मारल्याचा आनंद आणि माणूस मारल्याचा आनंद वेगळा असतो का, हे आपल्या विद्यापीठांतील मानसशास्त्राचे विद्यार्थीही तपासू शकतील. रणगाड्याच्या जुन्या प्रयोगावर तोवर कोणी मथळे रचू नयेत.