रखवालदारांना आवरणाऱ्या पेशी

नांदेड जिल्ह्यातील नायगाव हे तालुक्याचे आणि बाजाराचे गाव. हंगामात सोयाबीन व तुरीच्या पोत्यांनी आडत दुकाने भरून जातात आणि घरातील कर्त्या माणसांना जेवायलाही उसंत नसते. अशा दिवसांत एखाद्या व्यापारी घरातील दहा-अकरा वर्षांची मुलगी महिन्याभरात वाळू लागते, रात्रीतून चार वेळा पाणी मागते, वारंवार लघवीला उठते. कुणी म्हणते अशक्तपणा, कुणी म्हणते जंत; कुणी मीठ-मोहरी ओवाळून नजर काढते. मग उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद होतो आणि तिला घाईने नांदेडला न्यावे लागते. निदान होते टाइप 1 मधुमेहाचे. डॉक्टर सांगतात की, इन्शुलिन कायम घ्यावे लागेल. घरातला पहिला प्रश्न असतो, ‘आपल्याकडे कुणालाच साखर नाही, मग पोरीला कशी?’ दुसरा प्रश्न आईकडे पाहून विचारला जातो, ‘हिला काय खाऊ घातलेस?’

या दुसऱ्या प्रश्नात मोठा अन्याय आहे. हा विकार गोड खाण्याने होत नाही आणि आईच्या चुकीनेही होत नाही. स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर शरीराचीच संरक्षक यंत्रणा हल्ला करते आणि हळूहळू त्या नष्ट करते. अशा विकारांना स्वप्रतिकारक विकार म्हणतात. आमवात आणि थायरॉइडचे काही आजार याच वर्गातील आहेत.

रक्षकच घरच्यांवर का उलटतात, हे समजण्यासाठी त्यांची घडण पाहावी लागेल. टी-पेशी नावाच्या रक्षक पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो. मात्र त्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीत होते. तेथे प्रत्येक पेशीची परीक्षा असते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर तीव्रतेने चाल करणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. तरीही काही निसटतात आणि रक्तात येतात. त्यांना आवरण्यासाठी त्याच थायमसमध्ये दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडतात. त्या नियामक टी-पेशी होत. काही नियामक पेशी आतड्यासारख्या ठिकाणी मागाहूनही तयार होतात.

पेढीवरचा रात्रीचा रखवालदार कितीही शूर असला, तरी अंधारात घरच्याच मुलावर काठी उगारणार नाही याची खात्री हवी. ‘थांब, हा आपलाच आहे,’ असे सांगणारा जाणता माणूस जवळ असावा लागतो. नियामक पेशी हेच काम करतात. आक्रमक पेशींना वाढीसाठी लागणारे रासायनिक संकेत त्या शोषून घेतात, त्यांना चिथावणाऱ्या पेशींना लगाम घालतात आणि दाह शमवणारी द्रव्ये सोडतात.

या पेशींचा शोध सहज स्वीकारला गेला नाही. अशा पेशी असतात, या कल्पनेवरचा बहुतेक संशोधकांचा विश्वास उडाला होता, त्या काळात जपानचे शिमोन साकागुची चिकाटीने काम करत राहिले. नियामक पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी उंदरांत सोडल्या तर त्यांना स्वप्रतिकारक विकार जडतात आणि त्या पेशी परत दिल्या तर विकार टळतो, हे त्यांनी 1995 मध्ये दाखवले. 2001 मध्ये अमेरिकेतील मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतः आजारी असणाऱ्या उंदरांच्या एका वंशात फॉक्सपी3 या जनुकातील दोष शोधून काढला. याच जनुकातील दोषामुळे मानवी अर्भकांतही एक दुर्मीळ आणि गंभीर विकार होतो. त्यात पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह, अतिसार आणि त्वचेचा दाह दिसू शकतो. दोन वर्षांनी हे जनुकच नियामक पेशींची घडण ठरवते, हे सिद्ध झाले. या तिघांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टाइप 1 मधुमेहात एकाच जनुकाचा दोष नसतो. अनेक जनुकांची प्रवृत्ती आणि परिसरातील घटक एकत्र येतात आणि आवर घालणारी ही व्यवस्था अपुरी पडते. म्हणूनच घरात पूर्वी कुणाला नसतानाही मुलीला हा विकार होऊ शकतो. रुग्णाच्या रक्तातील नियामक पेशी वेगळ्या करून, वाढवून परत देण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यांतून उद्या उपचार हाती येतीलही. आज मात्र मुलीचा जीव इन्शुलिनवर अवलंबून आहे. ‘सुई सोडा, मुळापासून बरे करतो,’ असे सांगणाऱ्याच्या शब्दावर इन्शुलिन बंद केले तर थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते.

काही धार्मिक घरांत आणखी एक शंका मनात असते. पूर्वी इन्शुलिन गायी व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, हे खरे आहे. परंतु 1982 पासून मानवी इन्शुलिन सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होऊन बाजारात आले आणि आज सर्वत्र प्रामुख्याने तेच किंवा त्याचे सुधारित प्रकार वापरले जातात. पर्युषणात अशा मुलीने डॉक्टरांना विचारल्याविना उपवास करू नये. स्वाध्याय, दान आणि क्षमा यांसाठी तिला उपाशी राहावे लागत नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. शीतपेटी नसेल किंवा वीज गेली तर इन्शुलिनची कुपी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, तो डबा पाणी घातलेल्या मातीच्या भांड्यात सावलीत ठेवावा. कुपी बर्फाला लावू नये. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. 

सर्वांत कठीण प्रश्न पुढे येतो तो सोयरिकीचा. लग्नात अडचण येईल म्हणून आजार लपवला जातो, सुई चोरून घेतली जाते, शाळेत कुणाला सांगितले जात नाही. मग साखर अचानक उतरून मुलगी वर्गात कोसळली, तर काय द्यायचे हे शिक्षकांना ठाऊक नसते. नियमित इन्शुलिन घेणारी मुलगी शिकू शकते, पेढीचा हिशेब सांभाळू शकते, संसार करू शकते आणि योग्य देखरेखीखाली आईही होऊ शकते. धोका लपवण्यात आहे. सोयरिकीच्या बैठकीत वडिलांनी ही गोष्ट स्वतःहून, मान खाली न घालता सांगावी. ऐकून जे उठून जातील, त्यांच्या घरी लेक न गेलेलीच बरी.